किब्रोथ-हत्तव्वा

अक्कलकोट रोडला घर बांधून झालं आणि नावाचा प्रश्न आला. गल्लीतल्या ख्रिस्ती घरांवर बेथेल होतं, शालोम होतं, एबनेजर तर दोन होते. राजाबाईंना कुणाच्याच दारावर नसलेलं नाव हवं होतं. घरच्या रीतीप्रमाणे त्यांनी डोळे मिटून बायबल उघडलं आणि बोट ठेवलं. किब्रोथ-हत्तव्वा. काय भारदस्त नाव! मागचीपुढची ओळ वाचायची तसदी कुणी घेतली नाही. चर्चच्या पाळकसाहेबांनी ते प्रार्थनेत दोनदा अडखळत घेतलं आणि ग्रॅनाइटची पाटी दारावर बसली.

राजाबाईंची सून वैजयंती शाळेत विज्ञान शिकवायची. तिनं आठवड्यानं तो अध्याय वाचला. रानात लोकांना मांसाची हाव सुटली, नाकपुड्यांतून बाहेर येईपर्यंत खाल असं देवानं रागानं बजावलं, वाऱ्याबरोबर लावे पक्ष्यांचे ढीग येऊन पडले, आणि मांस दातांत असतानाच माणसं मेली. त्यांना पुरलं त्या जागेचं हे नाव. तळटीपेत हिब्रू शब्दाचा अर्थही होता: हावेच्या कबरी.

"अहो, ती पाटी काढा," ती नवऱ्याला म्हणाली.

"आईनं डोळे मिटून बोट ठेवलंय. देवानं दिलेलं नाव हाय ते," अमरेश म्हणाला. "आणि तू विज्ञानवाली की! तुला कवापासून भ्या वाटाय लागलं?"

दुसऱ्या दिवशी गच्चीवर लावे पडलेले होते. जिवंत, पंख पसरलेले. हात लावला तरी उडत नव्हते. उन्हानं थकले असतील, असं तिनं स्वतःला समजावलं. अमरेशनं न्याहारीआधीच अकरा सोलले.

मग रोजच. टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर असलेला, भाकरी-शेंगाचटणीवर खूश होणारा हा माणूस कामावर जाईना. खाटेवर बसून हाडं चोखायचा. हनुवटीवरून चरबी ओघळायची, ती बनियनला पुसायचा. प्यायच्या पाण्यावर तवंग यायला लागला. उशीला, साबणाला, तिच्या नुकत्याच धुतलेल्या केसांनाही उकडलेल्या मांसाचा वास. तिला नवऱ्याची किळस यायची आणि त्या किळसेची लाज वाटायची.

"खाऊ दे की. जेवणाऱ्याकडं असं बघू न्हाय," राजाबाई म्हणायच्या.

त्याचं पोट दगडासारखं झालं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, हे थांबलं नाही तर माणूस हाती लागायचा नाही. त्याच दुपारी तिनं गवंडी बोलावला आणि सासूच्या डोळ्यांदेखत पाटी फोडून काढली.

सकाळी गच्ची रिकामी होती.

अमरेशनं उरलेल्या रश्श्याचं ताट सरकवलं. "बास. नगं वाटतंय आता."

तो नुसता चहा प्यायला. वैजयंती पदर तोंडाला लावून रडली. वाचला, वाचला माझा माणूस!

तेवढ्यात त्याला शिंक आली. नाकपुडीशी काही तपकिरी दिसलं. तिनं चिमटीत धरून हळूच ओढलं. पीस होतं, ओलं. ओढत गेली तसं लांबत आलं, आणि त्याच्यामागून आला मांसाचा एक तुकडा. गरम, मऊ शिजलेला.

तिच्या तोंडाला पाणी सुटलं.