पहिली पायरी

चंद्रावर पाऊस पडत नाही आणि वाराही सुटत नाही. तरी सोमवाडीतली माणसं वसाहत झाल्यापासून एकदा छत्री पॅनेलला आणि एकदा टेबलपंखा पॅनेलला निवडून देत आली होती. पृथ्वीवरून आलेल्या पहिल्या तुकडीने गावाकडच्या सोसायटीच्या निवडणुकांच्या आठवणीने या निशाण्या उचलल्या होत्या. त्यांचा इथे उपयोग काय, असं तेव्हा कुणाच्या मनात आलं नाही. पॅनेलांचा तरी उपयोग काय, हे मात्र आता लोक उघड विचारू लागले होते.

डॉ. भार्गव पुंडे यांची प्रयोगशाळा म्हणजे त्यांच्या घराचाच अर्धा भाग होता. निवडणूक अधिकारी हेमलता सावदेकर नवं मतदान यंत्र पाहायला आल्या, तेव्हा पातळ भिंतीपलीकडे पुंड्यांच्या पत्नी कुंदाताई खोकत होत्या. खोकला थांबेपर्यंत दोघंही बोलायचे थांबले.

"सावदेकरबाई, गेल्या खेपेला तुम्ही कुणाला मत दिलंत?" पुंड्यांनी विचारलं.

"असं विचारायचं नसतं, सर."

"बरं, माझं सांगतो. मी पंख्याला दिलं. पंखा आवडतो म्हणून नव्हे, छत्री येऊ नये म्हणून."

बाईंना हसू आलं. "आमच्या घरी उलटं. पंखा नको म्हणून छत्री. दगडापेक्षा वीट मऊ."

"आणि तुमची वीट तो माझा दगड! म्हणजे दोन्ही पॅनेलं आपल्याला नकोत आणि दोन्ही आपल्याच जिवावर टिकली आहेत. यात लोकांचा मूर्खपणा नाही, हा मोजणीचा गुण आहे. एका माणसाला एक मत आणि ज्याची मतं जास्त तो जिंकला, असं ठरवलं की हळूहळू मैदानात दोघंच उरतात. तिसरा कितीही चांगला असो, त्याला दिलेलं मत वाया जाईल अशी प्रत्येकाला भीती वाटते. सगळ्यांनाच ती वाटते, म्हणून ते खरोखर वाया जातं."

"मग तुमचं यंत्र काय करतं?"

"ही भीती काढून घेतं. मी याला सशर्त मत म्हणतो. तुम्ही तिसऱ्याला मत द्यायचं, आणि शेजारी एक आकडा लिहायचा. माझ्याआधी किमान इतकी माणसं त्याच्या बाजूला असतील, तरच माझं मत त्याला. नसतील, तर ते नेहमीप्रमाणे छत्रीला किंवा पंख्याला. मत वाया जाण्याचा प्रश्नच उरत नाही."

बाईंनी यंत्राभोवती एक फेरी मारली. "कल्पना छान आहे. पण दोन्ही पॅनेलांनी हरकत घेतली आहे. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं! न मोजलेल्या मताच्या भरवशावर दुसरं मत मोजायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. 'तू आलास तर मी येतो' असं दोघं एकमेकांना म्हणाले, तर यंत्राने दोघांना आत घ्यायचं नाही. आधी एकजण खरोखर आत असला पाहिजे. मला हे नियमात घालावं लागेल."

"घाला. मग मोजणी शिडीसारखी होईल. आधी ज्यांनी शून्य लिहिलं आहे, म्हणजे अटच घातलेली नाही, त्यांची मतं. त्यांच्या आधारावर एक लिहिणाऱ्यांची, मग दोन, मग तीन..."

"आणि शून्यवाला कुणीच निघाला नाही तर?"

"अहो, उमेदवार स्वतःला तरी मत देईलच की!"

यावर दोघंही हसले. जाता जाता बाईंनी कामाची गोष्ट विचारली, की चंद्राच्या पलीकडच्या बाजूच्या मताचं काय करायचं. तिथल्या रेडिओ दुर्बिणीपाशी रूपसिंग वळवी हे खगोलशास्त्रज्ञ एकटेच राहत. संदेशवाहक उपग्रह त्यांच्या डोक्यावर आला की त्यांचं मत इकडे पोहोचे, बहुधा निकालानंतर. कायद्याने निकाल पक्का त्यानंतरच होई, पण त्या एका मताची वाट पाहत मिरवणूक थांबल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"येईल तेव्हा घेईल यंत्र," पुंडे म्हणाले.

तिसऱ्या उमेदवार होत्या डॉ. जुबेदा मुजावर. पॅनेल नाही, पैसा नाही, झेंडा नाही. सोमवाडीतली निम्मी फुप्फुसं मात्र त्यांनी तपासलेली होती. चंद्राच्या धुळीला ना पाण्याने घासलं, ना वाऱ्याने, त्यामुळे तिचा कण न् कण फुटक्या काचेसारखा धारदार असतो. माणसं बाहेर जाऊन येतात तेव्हा ही धूळ कपड्यांबरोबर आत येते आणि छातीत रुतून बसते. ती ओढून धरणारी विद्युतगाळणी दरवाजांवर बसवायची, हे वचन प्रत्येक निवडणुकीत दोन्ही पॅनेलं देत. छत्रीवाले आले की पंख्याने दिलेलं कंत्राट रद्द, पंखेवाले आले की छत्रीचं. गाळणी काही येत नव्हती. कुंदाताई शाळेत गाणं शिकवायच्या. आता त्यांना एक ओळही सलग म्हणता येत नव्हती. मुजावरबाईंनी पुंड्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "सर, अजून पाच वर्षं ही हवा त्यांना सोसणार नाही." त्याच दिवशी पुंड्यांनी यंत्र बांधायला घेतलं होतं.

मतदानाच्या दिवशी पुंडे आपणच बनवलेल्या यंत्रापुढे उभे राहिले. मुजावरबाईंच्या नावावर बोट ठेवताना त्यांना क्षणभरही विचार करावा लागला नाही. मग यंत्राने आकडा विचारला.

शून्य लिहावं, असंच ते ठरवून आले होते. पण बोट अडलं. आपण शून्य लिहिलं आणि मागून कुणीच आलं नाही, तर? पंख्याचं एक मत कमी होईल. छत्री एका मताने आली, तर जन्मभर स्वतःला काय सांगायचं? शिवाय बाईंचं स्वतःचं मत आहेच. मग एक लिहिलं काय आणि शून्य लिहिलं काय, हिशेब सारखाच. पुंड्यांनी एक लिहिला आणि ते बाहेर आले. आपण पुरेसं धाडस केलं, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

संध्याकाळी सभागृहात सगळी वसाहत जमली. सावदेकरबाईंनी निकाल वाचला. छत्री, थोड्या मतांनी. पंखा दुसरा. आणि मुजावरबाईंच्या नावापुढे शून्य.

मग छत्रीवाल्यांनी एकच आरोळी ठोकली. सोमवाडीत हवेच्या भीतीने गुलालाला बंदी आहे. तरी कुणीतरी तो आणला होताच. छताखाली छत्र्या उघडल्या, गुलाल उडाला आणि कमी गुरुत्वामुळे खाली बसता बसेना. कुंदाताईंनी पदर तोंडावर घेतला. त्यांचा खोकला सुरू झाला तो थांबेचना.

पुंडे यंत्राकडे धावले. अपूर्ण राहिलेल्या अटी त्यांनी पडद्यावर घेतल्या. मुजावरबाईंना मत देणारी माणसं जवळजवळ सगळी सोमवाडी होती. कुणी तिघांची अट घातली होती, कुणी वीस जणांची, कुणी शंभरांची. एकही पायरी गळलेली नव्हती. शिडी थेट छतापर्यंत उभी होती आणि तिला पहिली पायरीच नव्हती. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला सगळे तयार होते, पण प्रत्येकाला आधी दुसरा कुणीतरी हवा होता.

"बाई, तुमचं मत?" पुंड्यांच्या तोंडून निघून गेलं.

मुजावरबाईंनी मान खाली घातली. "स्वतःच स्वतःला मत द्यायचं, तेही एकटीनेच! यादीत एकच मत दिसलं असतं, तर पेशंट हसले असते हो. मी म्हटलं, सर यंत्राचे बाप आहेत, ते शून्य लिहिणारच. मी एक लिहिला."

पुंडे पुन्हा पडद्याकडे वळले.

कुंदाताई खुर्चीचा आधार घेत जवळ आल्या. पडद्याकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. "मी दहा लिहिलं," त्या धापा टाकत म्हणाल्या. "तुम्ही दोघं तर असणारच, असं धरून चालले होते." मग पडद्यावरचं शून्य त्यांना नीट कळलं. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. विचारलं मात्र काही नाही. त्यांनी विचारलं असतं तर बरं, असं पुंड्यांना वाटलं.

मिरवणूक दारापर्यंत पोहोचली होती, तेव्हा यंत्राची घंटी वाजली.

"वळवींचं मत आलं," सावदेकरबाई सवयीने म्हणाल्या आणि पडद्याकडे वळल्या.

मुजावर, एक. अट, शून्य.

लगेच तीन झाले. दोनतीनची अट घालणाऱ्यांची अट पुरी झाली, आणि आकडा दहाच्या पुढे गेला. कुंदाताईंचं मत कधी मोजलं गेलं, तेही दिसलं नाही. मग शंभर, मग हजार. ज्याची अट पुरी होई, त्याचं मत छत्रीतून किंवा पंख्यातून निसटून मुजावरबाईंकडे येई. दारातले ढोल एकेक करून थांबले. लोक पडद्याकडे पाहत होते आणि मग एकमेकांकडे. तू पण? तू पण? प्रत्येकजण शेजारच्याला हात लावून विचारत होता. मुजावरबाई डोळे पुसत होत्या आणि गुलाल फेकणाऱ्यांना ओरडत होत्या, "आधी तो गुलाल बंद करा!"

घरी आल्यावर पुंड्यांना राहवेना. उपग्रह मावळायच्या आत त्यांनी वळवींना फोन लावला. कुंदाताई शेजारी वाफ घेत बसल्या होत्या.

"अभिनंदन कसलं, सर?" वळवी म्हणाले. "मी काय केलं?"

"तुम्ही अट घातली नाहीत. सबंध सोमवाडीत तुम्ही एकटेच. का?"

"कशाला घालायची? सर, इथे छत्रीवाले कधी आले नाहीत, पंखेवालेही नाहीत. एका मतासाठी एवढा फेरा कोण घेणार? मला दोघांचीही ना आशा, ना भीती. मुजावर डॉक्टर तेवढ्या दर आठवड्याला छाती कशी आहे ते विचारतात. मला त्या पाहिजे होत्या, म्हणून त्यांना मत दिलं. शेजारचा काय करील, हा विचार करायला इथे शेजारीच नाही." ते हसले. मग त्यांनी सहज विचारलं, "तुम्ही किती लिहिलं होतं?"

कुंदाताईंनी वाफेवरून तोंड वर केलं.

"एक," पुंडे म्हणाले. ते बोलत होते वळवींशी, पण पाहत होते बायकोकडे. "मला फक्त एकच माणूस आधी हवा होता, वळवी. तो मीच असायला हवा होतो."

कुंदाताईंनी डोक्यावरचा टॉवेल काढला, त्याचं एक टोक पुंड्यांच्या हातात दिलं आणि दुसऱ्या ओल्या टोकाने त्यांच्या बाहीवरचा गुलाल पुसू लागल्या.