मोठीआईनं न घेतलेलं नाव

चुलीवर घुगऱ्यांच्या पातेल्याला उकळी फुटली होती, आणि इकडे माजघरात साळूबाई पाळण्याची दोरी मुठीत आवळून उभी होती, जणू कुणी पाळणाच उचलून नेणार होतं! "सांगून ठेवती," ती कडाडली, "माज्या नातवाचं नाव आकारामच ठेवायचं! दुसरं नाव कुणी काढलं, तर ह्या घरात मी पान्याचा घोट घ्यायची न्हाई!"

स्वयंपाकघरात विजयमालेच्या हातातला झारा जागीच थांबला. आकाराम... हे नाव या घरात कुणी मोठ्यानं उच्चारून दोन वर्षं होत आली होती. ते तिच्या नवऱ्याचं नाव होतं.

साळूबाईचा थोरला लेक आकाराम फौजेत होता, आणि एकाहत्तरच्या लढाईतून तो परत आला नाही. मलकापूरच्या पुढं उसाच्या शिवारात बुडालेल्या त्या गावात तार आली, तेव्हा विजयमाला अंगणात धुणं वाळत घालत होती. तिच्या हातातली चोळीसुद्धा दोरीवर टाकायची राहिली. मूलबाळ नव्हतं. माहेरच्यांनी न्यायला गाडी जुंपून आणली, तर ती साळूबाईकडं बोट दाखवून म्हणाली, "त्या बसल्यात बघा उंबऱ्यावर, रस्त्याकडं डोळं लावून. त्यांना कोन उठवून जेवाय घालनार?" गाडी रिकामीच परत गेली.

पुढं धाकट्या दिराचं, बाळासोचं लग्न झालं. त्याची बायको अंजना तासगावची, मॅट्रिकपर्यंत शिकलेली. पण तिला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच झालं आणि ते सारं विजयमालेनं केलं. शेकशेगडी तिची, डिंकाचे लाडू तिचे, बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालणं तिचं, धुरी देणंही तिचंच! त्या इवल्याशा जिवाच्या मुठीत तिचं बोट सापडलं की तिच्या शुष्क झालेल्या अंतःकरणात कुठंतरी ओलावा फुटे, आणि आपल्याला अजून रडता येतं, हसताही येतं, याचं तिला स्वतःलाच नवल वाटे.

नावाचा विषय अंजनेनंच काढला होता. "अक्का, गावात कुनाचं नसंल असं नाव सांगा की. त्येच त्येच जुनं नाव मला नको."

विजयमाला कितीतरी वेळ बाळाच्या टाळूवर तेल जिरवत राहिली आणि मग हळूच म्हणाली, "चिनार."

नाव ऐकून अंजना हरखली. बाळासोनं दोनदा म्हणून बघितलं आणि त्यालाही आवडलं. हे नाव कुठून आणलं, ते कुणी विचारलं नाही, आणि तिनंही सांगितलं नाही. शेवटच्या रजेत आकाराम उसाला पाणी पाजत होता, ती बांधावर बसली होती, तेव्हा तो म्हणाला होता, "काश्मिरात चिनार म्हनून झाड असतंय बघ. हाताच्या पंज्यागत पान. थंडी पडली का सगळं झाड लालभडक! आन सावली एवढी, का आमी समदी गडी त्येच्याखाली बसतो. आपल्याला पोरगं झालं, तर चिनार नाव ठिवू." ती पदरात तोंड लपवून हसली होती. "आत्याबाई घरात घेतील व्हय असल्या नावाला?" ...पोरगं झालं नाही. झाडाचं नाव तेवढं तिच्याजवळ राहिलं.

आणि आज, बारशाच्या सकाळी, साळूबाईनं पाळण्याची दोरी धरली होती!

"आये, ठरलंय की नाव," बाळासो चाचरत म्हणाला. "चिनार ठिवायचं..."

"झाडाझुडपाचं नाव? माज्या घरात?" साळूबाईचा आवाज चिरकला, आणि मग एकाएकी तो राग विरघळून गेला आणि ती ओल्या डोळ्यांनी हसत पाळण्यावर वाकली. "आरं, ह्येच्या कपाळाकडं बघ की... ती जिवणी बघ... माजा आकाराम माघारी आलाय रं! त्याला दुसऱ्याच नावानं हाक मारली, तर त्यो कसा वळखंल मला? त्यो पुन्यांदा निघून जाईल..."

अंजना रडवेली झाली. बाळासोनं स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहिलं. "वैनी, तुमी सांगा. तुमचा मान हाय. तुमी म्हनाल तसं."

एक शब्द पुरला असता! हे नाव तुमच्याच लेकानं ठेवलंय, एवढं सांगितलं असतं तरी म्हातारी मुकाट झाली असती. विजयमालेच्या ओठांपर्यंत ते आलंही होतं... पण तिनं साळूबाईच्या डोळ्यांत पाहिलं. दोन वर्षं त्या डोळ्यांत नुसता रस्ता होता. आज प्रथमच तिथं एक माणूस दिसत होतं. ते मिटवायचं कोणत्या तोंडानं?

"आत्याबाई म्हनत्यात तेच ठिवा," ती म्हणाली, आणि घुगऱ्या करपतील म्हणून चुलीकडं वळली.

आपण काय देऊन बसलो, हे तिला त्या क्षणी पुरतं ठाऊक होतं. नवऱ्याचं नाव बाईनं घ्यायचं नसतं. लग्नात आणि पूजेला उखाण्यातून घेतलं, लाजत, अडखळत, तेवढंच; आणि आता उखाणा घ्यायला तिला कोण म्हणणार होतं? ज्या बाळाला न्हाऊ घालायचं, भरवायचं, अंगाखांद्यावर खेळवायचं, त्याला नावानं हाक मात्र कधीच मारायची नाही. हे साळूबाईच्या ध्यानातही आलं नाही. दुःखानं माणूस आंधळं होतं, त्यातलाच प्रकार!

संध्याकाळी बायका जमल्या. बाळाची चुलत आत्या रंगूबाई नाव सांगायला पाळण्याशी निघाली आणि जाता जाता विजयमालेला म्हणाली, "तू आतच ऱ्हा बाई. घुगऱ्यांकडं बघ." त्यात दुष्टावा नव्हता, रीत होती, पण रीतीची धार काही कमी लागत नाही! बाहेर बाळाच्या कानात कुर्रर्र झालं, पाठीवर थापा पडल्या, बायका खळखळून हसल्या. आत विजयमाला एकटी द्रोण भरत राहिली.

पोर मोठं होऊ लागलं. अंजना सुरुवातीला थोरल्या दिराचं नाव म्हणून अडखळली. मग, आईनं लेकाला हाक मारायला कसली आलीय बंदी, म्हणून खुशाल "आकाराम" म्हणू लागली. साळूबाई तर दिवसभर त्या नावाचा जप करी. ती जेवू लागली, हसू लागली, शेजारणींशी भांडूही लागली. म्हातारी जगली, याचं विजयमालेला मनापासून सुख होतं... पण दिवेलागणीला अंगणातून "आकाराम, ये रं जेवायला!" अशी हाक उठली, की ती हातातलं काम टाकून वळे. वेडं मन क्षणभर दाराकडं धावे! मग दारातून धुळीनं माखलेलं पोरगं आत येई, आणि ती त्याचे पाय धुवायला बसे.

तिची हाक म्हणजे "बाळा", "सोन्या", "राजा", नाहीतर नुसतं "ए!" पोरगं तिला मोठीआई म्हणे, रात्री तिच्याच कुशीत झोपे. एकदा त्यानं विचारलं, "मोठीआई, तुला माजं नाव ठावं न्हाई व्हय?" ती म्हणाली, "हाय की." "मग घी की!" तिनं त्याला नुसतं उराशी धरलं. सगळ्या घरात ते नाव गजबजलेलं आणि ती एकटी मुकी, असा तिचा संसार चालला होता.

अठ्ठ्याहत्तर सालच्या हंगामातली गोष्ट. घरच्या उसाला तोड आली होती. बांधाच्या बाभळीखाली साळूबाई भाकरीची टोपली राखत बसली होती, आणि विजयमाला पाटावर घागर भरत होती. पलीकडं गाडीवाटेवर उसानं लादलेली ट्रॉली उभी होती आणि पोरांची टोळी तिच्या मागं लागून ऊस उपसत होती. ही खोड त्या मुलखातल्या हरेक पोराला असते. त्यांत तिचा सोन्याही होता, पार चाकाशी, दोन्ही हातांनी एक कांडं ओढत.

ट्रॅक्टर गुरगुरला. वळायला जागा नव्हती, म्हणून ड्रायव्हरनं तो मागं घेतला. उसाच्या भाराआड त्याला पोरं दिसणार कुठून? बाकीची पोरं उड्या मारून बाजूला झाली, पण तो मात्र पाठमोरा होता, आणि ऊस काही सुटत नव्हता!

"बाळाऽऽ!" विजयमाला किंचाळली. "सोन्याऽऽ! ए राजाऽऽ!"

शिवारात बाळा कितीक आणि सोन्या कितीक! कडेची दोन पोरं वळून बघू लागली, हा मात्र वळेना. चाक सरकलं... तिच्या हातची घागर पाटात गेली, आणि इतक्या वर्षांत गळ्याशी अडलेलं ते नाव सगळं शिवार चिरत बाहेर पडलं.

"आकाराऽऽम! आकाराऽऽम!"

पोरगं दचकलं. मोठीआईच्या तोंडून आपलं नाव! ते त्यानं जन्मात ऐकलं नव्हतं. ऊस सोडून ते त्या आवाजाकडं धावत सुटलं, आणि मागं त्याचा ऊस चाकाखाली करकरून चिरडला.

मोळ्या बांधणाऱ्या बायकांचे हात थांबले. विजयमालेनं लेकराला चाचपलं, त्याचं हाड न् हाड बघितलं आणि मग ती भानावर आली. नवऱ्याचं नाव! चारचौघांत, असं ओरडून! तिनं तोंडावर हात दाबला, कुणाच्याच नजरेला नजर न देता घरचा रस्ता धरला आणि गोठ्यात म्हशीच्या आडोशाला जाऊन बसली.

दिवेलागणीला साळूबाई तिथं आली. विजयमाला धडपडून उठली. "चुकलं माजं, आत्याबाई. घ्यायचं नव्हतं... पर दुसरं काय सुचंना..."

साळूबाईनं थोरल्या सुनेचा हात धरला आणि तिथंच गवताच्या पेंढीवर मटकन बसली. "बांधावर बसली हुती मी," ती म्हणाली. "हाक ऐकली आन वाटलं, ह्यो आवाज कुनाचा? ह्या आवाजात ह्ये नाव मी कवाच कसं ऐकलं न्हाई? ...विजे, मीबी रांडमुंड हाय गं! माज्या धन्याचं नाव अजून माज्या तोंडात येत न्हाई. मला कळाया पायजे हुतं. मला माजं पोर पायजे हुतं, आन त्येच्यापायी मी तुजं तोंड शिवून टाकलं!"

"असं बोलू नगा..."

"आता साळंत घालायचाय त्येला. तिथं दुसरं नाव घालू. तू सांगितलं हुतंस ते. झाडाचं."

विजयमाला अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "ते मी न्हवतं काढलं, आत्याबाई. ह्यांनीच सांगून ठिवलं हुतं. शेवटच्या रजेला."

"माज्या लेकानं?... आन मी त्येलाच झाडझुडूप म्हनलं?... आगं, तवाच का बोलली न्हाईस तू?"

"तुमी हसला हुता तवा. लय दिसांनी."

आणि मग साळूबाईचा बांध फुटला! लेकाची तार आली तेव्हाही ती अशी रडली नव्हती. सुनेच्या खांद्यावर डोकं ठेवून ती हमसून हमसून रडली आणि विजयमाला तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"त्येच नाव घालू," पदरानं डोळे पुसत साळूबाई म्हणाली. "माज्या लेकाच्या मनातलं."

"नगं, आत्याबाई." विजयमालेनं मान हलवली. "तवा घातलं असतं तर गोष्ट येगळी. आज एवढ्या वर्सांनी माजं तोंड उघडलंय... ते पुन्यांदा मिटाया लावू नगा."

साळूबाईनं तिला हाताला धरून उठवलं. "मग मार हाक," ती म्हणाली. "माज्यादेखत मार. कोन काय म्हनतंय ते मी बघती!"

विजयमाला गोठ्याच्या दारात आली. अंगणात अंधारून आलं होतं. आवाज आधी फुटलाच नाही... मग फुटला. "आकाराम..."

"ओ! आलो गं मोठीआई!"

तिनं दाराची चौकट घट्ट धरली. त्या नावाला आजवर तिला कधी ओ मिळाली नव्हती. पोरगं धावत आलं आणि धापा टाकत तिच्या पुढ्यात उभं राहिलं.

"काय काम हाय?"

"काय न्हाई रं," ती म्हणाली. "नुस्तीच मारली."