सहावी ओळ

१९९१ साली सुमती पाटील ठाण्याला, नौपाड्यातल्या एका छोट्या कंपनीत कामाला होती. कंपनीने सी भाषेची पुस्तिका तयार केली होती. तिच्यातला प्रत्येक नमुना प्रोग्राम संगणकावर टाइप करायचा, चालवून बघायचा आणि चूक असेल तर लाल शाईने दुरुस्त करायची, हे सुमतीचं काम. तिच्या नजरेतून स्वल्पविरामसुद्धा सुटत नसे.

बेचाळिसावा नमुना अगदी सोपा होता. पाच नावांची यादी एकाखाली एक छापायची. तिने तो चालवला आणि पडद्यावर सहा ओळी आल्या. सहावीत, इंग्रजी अक्षरांत, जनी.

चूक तिला लगेच सापडली. मोजणी शून्यापासून होती आणि अट पाचापर्यंतची, म्हणजे फेरे सहा. यादी संपल्यावर संगणक पुढच्या जागेत जे असेल ते वाचत होता.

"कचरा असतो गं तो," शेजारच्या टेबलावरचा आनंद म्हणाला. "मेमरीत आधीचं काहीतरी राहिलेलं असतं. मशीन बंद करून परत चालू कर."

तिने केलं. पुन्हा जनी.

मग आनंदने तोच प्रोग्राम स्वतःच्या मशीनवर चालवला. सहावी ओळ वाचून त्याने चटकन पडद्यावरचं सगळं पुसलं. "कचराच आहे," असं पुटपुटत तो चहाला गेला, तो दिवसभर जागेवर आला नाही.

जनी सुमतीची धाकटी बहीण. कोपरच्या मिठागराच्या बांधावर, सहा वर्षांची असताना, सुमतीचा हात सोडून खाडीकडे पळाली. सापडली नाही. ऑफिसात हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी तिने आईला सांगितलं. आवडाबाई तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले.

"आपल्या जनीचा नाव? मंग तू काय करणार?"

"पुसावं लागेल. चूक आहे ती."

"ऱ्हाऊ दे ना गो. तुला काय तरास देते ती?"

दुसऱ्या दिवशी सुमती लाल पेन घेऊन बसली. अटीतलं एक बरोबरचं (=) चिन्ह खोडलं की सहावी ओळ जाणार होती. बराच वेळ गेला. शेवटी तिने पानाखाली 'तपासले' लिहून सही केली. चिन्ह तसंच राहिलं.

पुस्तिका छापून विकली गेली.

दोन महिन्यांनी मोहन्याहून कार्ड आलं. 'बेचाळिसाव्या नमुन्यात माझ्या वारलेल्या बायकोचं नाव येतं. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू नका.'

सुमतीने ते घरी नेलं. आईला वाचून दाखवताना तिला हलकं वाटलं.

मग आंबिवलीहून एक आलं, परशुराम म्हात्रे नावाच्या माणसाचं. अक्षर घाईचं होतं.

'सहाव्या ओळीत माझंच नाव येतंय. ते कसं काढायचं, कृपया लगेच कळवा.'

तिने कार्ड उलटलं. पोस्टाचा शिक्का अठरा दिवसांपूर्वीचा होता.