कुसाबाईंच्या दाराची कडी

घराघरांत समई होऊन तेवणाऱ्या पांडुरंगाला आधी दंडवत. त्याच्याच साक्षीने सांगते.

सातपूरच्या कामगार वसाहतीत कुसाबाईंचे आणि माझे घर भिंतीला भिंत लागून. चाळीस वर्षे आम्ही एकाच भजनी मंडळात होतो. त्या गेल्या आणि महिन्याने, एकादशीच्या दुपारी, मी त्यांचे टाळ परत द्यायला निघाले.

त्यांच्या दाराला आतून कडी नव्हती. पती भिकाजी वारले, त्याच आठवड्यात त्यांनी ती काढून टाकली होती. कुणी विचारले की हसायच्या. "देव म्हातारा झालाय, त्याला दार ठोठावायला लावू का?"

मी गेले तेव्हा त्यांचा मुलगा धनराज, कारखान्यातली पहिली पाळी आटोपून, दाराला नवी कडी बसवत होता. मी टाळ मांडीवर घेऊन आत बसले; सून उज्वला चहा टाकत होती. तिचा पदर गालावर ओढलेला.

"मला सासू समजतेस काय गं?" मी थट्टा केली.

"मोरीत पडले, मावशी."

मी पडण्याचे विचारलेच नव्हते.

"तिसऱ्यांदा बसवतोय," धनराज म्हणाला. "सकाळी निघून देव्हाऱ्यात सापडते. हिचेच उद्योग."

"मी नाही हो काढत..."

त्या कडीमागे पूर्वी काय होई, ते मला ठाऊक होते. भिकाजी कामावरून येत, कडी लावत, आणि मग भिंतीतून आवाज येत. एकदा कुसाबाई कशाबशा निसटून माझ्या दाराशी आल्या होत्या. आत भजन चालले होते. मी कडी काढली नाही; टाळ मोठ्याने वाजवले. हे मी देवालाही कधी सांगितले नव्हते.

धनराजने शेवटचा स्क्रू पिळला आणि कडी लावून पाहिली. बंद घरात बुक्क्याचा वास दाटला. माझ्या मांडीवरचे टाळ थरथरले... थांबले... पुन्हा वाजले, कुणी घाबऱ्याने दारावर थापा द्याव्यात तसे. माझे दोन्ही हात तर पदराखाली होते. कडी सावकाश मागे सरकली. दार उघडले. बाहेर नुसते ऊन.

"आई..." धनराज म्हणाला. लहानपणी खाटेखाली लपून तो असाच हाक मारायचा.

"खाटेखालून तू काय पाहिलेस, ते मला माहीत आहे, बाळा," मी म्हणाले. "आणि आज काय करतोस, तेही. उज्वला माझ्याकडे येते आहे. परत यायचे की नाही, ते ती ठरवेल."

त्याने मान खाली घातली. अडवले नाही.

उज्वला आता माझ्याकडे असते. मी तिच्या गालाला हळद लावते, ती मला चिडवते, "मावशी, तुम्ही घोरतासुद्धा तालात!"

आज पहाटे पूजेला बसले, तर देवापुढे चार स्क्रू ओळीने मांडलेले, प्रत्येकाला बुक्का लावलेला. शेजारी कडी होती. माझ्याच दाराची. उज्वला गाढ झोपली होती.

कुसाबाईंनी माझा अपराध पोटात घातला की त्याची आठवण दिली, मला कळत नाही. नवी कडी मात्र मी बसवणार नाही.

ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या घरी सांजवात तेवत राहो, लेकीसुना निर्भय निजोत, आणि दारावर थाप पडली की तुमचा हात आधी कडीकडे जावो.