चोवीस झोळ्यांची बोट

बेलेम शहरात कुणी कुणाला घड्याळाची वेळ देत नाही. 'पावसाआधी ये' म्हणतात, नाहीतर 'पावसानंतर'. दुपारचा पाऊस येतो म्हणजे येतोच, आणि अर्ध्या तासात आपलं काम उरकून निघूनही जातो. त्या दिवशी जुरेमाला एका घरमालकिणीनं जागा दाखवायला पावसाआधी बोलावलं होतं. पण तिला उशीर झाला, पाऊस लवकर आला, आणि ती नदीकाठच्या बाजारात ताकाका नावाच्या गरम सुपाच्या एका गाड्यापाशी अडकून पडली.

ताडपत्री एवढीशी, आणि खाली जुरेमा एकटीच गरम वाडगं हातात धरून उभी. तेवढ्यात डोक्यावर झोपायच्या सुती झोळ्यांचा भलामोठा गठ्ठा घेतलेला एक तरुण आत शिरला. गठ्ठा त्यानं कोरड्यात ठेवला आणि स्वतः मात्र अर्धा बाहेर, भिजत उभा राहिला.

"थोडे आत या ना," ती म्हणाली.

"आत आलो तर तुमच्या वाडग्यात पडेन."

तिला हसू आलं. ताकाकातल्या पाल्यानं तिचे ओठ झिणझिणत होते, त्यामुळे ते हसू जरा वाकडंच उमटलं. त्यानं ते पाहिलं... आणि पाहत राहिला.

"ओठ असे झिणझिणत असताना माणसाला खोटं बोलता येत नाही म्हणतात," तो म्हणाला.

"कोण म्हणतं?"

"मीच. आत्ताच."

त्याचं नाव तादेउ. वडिलांची जुनी प्रवासी बोट होती, फ्लोर दो गुआमा. वेगवान बोटी आल्या तसे तिचे उतारू आटले, म्हणून त्यानं ती धक्क्याला कायमची बांधली आणि वरच्या मजल्यावर पाहुण्यांची सोय केली. पलंग नाहीत. नदीवर माणसं पिढ्यान्‌पिढ्या झोपत आली तशा झोळ्या, दोन कड्यांमध्ये बांधलेल्या. चोवीस. हे सगळं तो उत्साहानं सांगत होता आणि जुरेमाच्या हातातलं वाडगं हळूहळू खाली येत होतं.

"पण शहरातल्या एका कचेरीनं आम्हाला नापास केलं," तो हसत म्हणाला. ते हसू काही ओठांच्या पुढे गेलं नाही. "नकाराच्या पत्राला तिथल्या बाईंचा शेरा चुकून टाचलेला आला. मला पाठच झालाय. 'इथे माणसं सुकवायला टाकलेल्या मासळीसारखी टांगलेली असतात. पाहुणे पाठवण्यालायक जागा नाही.'"

जुरेमाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तो शेरा तिचा होता. शब्दन् शब्द तिचा.

तिचं कामच ते. हॉटेलांचा कंटाळा आलेल्या पाहुण्यांसाठी शहरातल्या आगळ्यावेगळ्या जागा निवडायच्या. रबराच्या व्यापाऱ्याची जुनी हवेली, आंब्याच्या झाडावरचं लाकडी घर, घड्याळजीच्या दुकानावरची खोली. प्रत्येक ठिकाणी आधी स्वतः एक रात्र झोपायचं आणि मगच लिहायचं, हा तिथला नियम. तो तिनं एकदाच मोडला होता. यादीत या बोटीचं नाव आलं तेव्हा कचेरीच्या मालकीणबाई, मार्लूसिया, तिच्या बोलण्यावरून अंदाज बांधत हसत म्हणाल्या होत्या, "तुमच्या नदीकडचे लोक असेच झोपतात ना गं?" आणि जुरेमा म्हणाली होती, "छे, मी तर इथलीच." ते खरं वाटावं म्हणून त्याच टेबलावर, बोटीचं तोंडही न पाहता, तिनं ते दोन ओळींचं विष उतरवलं होतं.

ती इथली नव्हती. नदीपलीकडच्या कोंबू बेटावरची होती. पण हे गेल्या सात वर्षांत तिनं शहरात कुणाला सांगितलं नव्हतं.

पाऊस थांबला. आता ती निमूट निघून गेली असती तर गोष्ट तिथेच संपली असती. पण तादेउनं गठ्ठा डोक्यावर घेतला आणि म्हणाला, "तुम्ही शहरातल्या दिसता. एकदा येऊन बोट बघा, आणि काय चुकतंय ते तोंडावर सांगा. सिरिओच्या सणाची मिरवणूक महिन्यावर आलीये, गावोगावची माणसं येतील. तेव्हाही झोळ्या रिकाम्या राहिल्या तर बोट लाकडाच्या वखारीला विकावी लागेल. उद्या पावसानंतर?"

नाही म्हणायचं होतं. ओठ झिणझिणतच होते... "येईन," ती म्हणाली.

ती गेली. आणि मग जातच राहिली. स्वतःला सांगायची की हे प्रायश्चित्त आहे. प्रायश्चित्ताला निघताना कुणी केसांत फूल माळत नाही, हे तिलाही कळत होतं. बोट सुरेख होती. निळ्या-पांढऱ्या रंगाचे कठडे, पाण्याचा हलकासा हेलकावा, आणि पावसात चहूबाजूंनी सोडलेले ताडपत्रीचे पडदे. तादेउ कठडे रंगवायचा, ती झोळ्यांच्या किनारी शिवायची. मधूनच तो रंगाचा ठिपका तिच्या नाकावर लावायचा आणि अगदी साळसूदपणे पाण्याकडे बघायचा.

"हे काय?"

"शहरातल्या मुलींना निळा शोभतो."

'शहरातल्या' म्हटलं की ती घाईघाईनं सुईत दोरा ओवायला घ्यायची. एकदा सवयीनं तिनं एक झोळी उचलली आणि दोरीला दोन वेढे देऊन गाठ मारली, नावाड्यांची गाठ, जी ओढली की घट्ट होते आणि एका झटक्यात सुटते. तादेउ बघतच राहिला. ही गाठ कुठून शिकलीस, असं त्यानं विचारलं. ती म्हणाली, एका काकांची होडी होती. एक खोटं झाकायला दुसरं आणि दुसऱ्यासाठी तिसरं... हे काका तर तिला नव्हतेच. त्या संध्याकाळी निरोप घेताना त्यानं तिचा हात जरा जास्तच वेळ हातात ठेवला. तिला एवढा आनंद झाला आणि त्या आनंदाची एवढी शरम वाटली की घरी जाऊन ती भिंतीकडे तोंड करून बसून राहिली.

तीन आठवडे असे गेले. मग एका दुपारी, पाऊस पडद्यांवर ताडताड वाजत असताना, तादेउनं खिशातून घडी घातलेला कागद काढला. लिहिण्यात मी कच्चा, जरा चुका काढून दे, असं म्हणाला आणि तिच्यासमोर संकोचून बसला. पत्र कचेरीतल्या त्या बाईंना होतं.

'माननीय बाई, तुमच्या शेऱ्यावर जी तारीख आहे त्या आठवड्यात आमची बोट धक्क्याला नव्हती. तळाला डांबर लावायला ओढून नेली होती. म्हणजे तुम्ही आला नव्हतात. मी तक्रार करत नाही. कामाच्या घाईत होतं असं. फक्त एकदा या. जेवून जा. माझी आई इथेच, बोटीवरच्या झोळीत गेली, त्यामुळे मासळीचं वाचून मला जरा लागलं, बाकी काही नाही. आपला नम्र, तादेउ.'

चूक एकही नव्हती. जुरेमानं ते दोनदा वाचलं, कारण मान वर करायची तिची हिंमत नव्हती.

"फार रडगाणं झालंय का?" त्यानं विचारलं.

"तादेउ... ती बाई मी आहे."

तो आधी हसला. ती चेष्टा करतेय असं त्याला वाटलं. मग तिचा चेहरा बघून हसू विरलं.

"मी आलेच नव्हते. न बघता लिहिलं."

पडद्याची सुटलेली दोरी त्यानं ओढून घट्ट केली. मग हळूच म्हणाला, "ठीक आहे. शहरातल्या मुलीला झोळीतलं काय कळणार. तुला माहीत नव्हतं."

माफी अशी आयती चालून आली होती. फक्त मान हलवायची होती. पण या माणसाकडून खोट्या नावावर माफी घेणं तिच्यानं होईना.

"मी शहरातली नाही," ती म्हणाली. "कोंबूची आहे. आईबाप असाईची फळं विकतात. जन्मापासून झोळीतच झोपत आले, अजूनही झोपते. खोलीत पलंग आहे, त्यावर कपड्यांचा ढीग असतो. लोकांना कळू नये म्हणून लिहिलं तसं."

तादेउ उठला. पत्राची घडी घातली, परत उलगडली, पुन्हा घातली.

"न कळून लिहिलं असतंस तर मी हसून सोडलं असतं, जुरेमा," तो म्हणाला. "तू कळून लिहिलंस."

पाऊस थांबायची वाटही न बघता ती उतरली. सगळा बाजार आडोशाला उभा होता आणि ती एकटीच भर रस्त्यातून भिजत चालली होती. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते तिला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी तिनं मार्लूसियाबाईंना सांगितलं की मी नियम मोडला, त्या जागेवर अन्याय केला. बाईंनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं आणि यादी कालच छापून आल्याचं सांगितलं. आता पुढच्या वर्षी बघू. जुरेमा कचेरीतून बाहेर पडली ती थेट धक्क्यावर गेली आणि कोंबूची होडी पकडली.

तिची आई, दोना ओतीलिया, ओट्यावर असाई निवडत बसली होती. लेक आठवड्याच्या मधल्या वारी आलेली पाहून तिनं काही विचारलं नाही, फक्त टोपली सरकवून जागा केली. निवडता निवडता जुरेमानं सगळं सांगितलं. आणि सगळ्यात अवघड ते शेवटी. दरवर्षी सिरिओला बेटावरची माणसं मिरवणुकीला यायची आणि धक्क्यावर आपापल्या होड्यांत अंग दुमडून झोपायची. घरमालकीण पाहुण्यांना येऊ देत नाही, असं तिनं आईला सात वर्षं सांगितलं होतं. तसं काही नव्हतं.

आईनं एक कच्चं फळ बाजूला टाकलं.

"मला वाटायचंच," ती म्हणाली. "एखादी घरमालकीण सलग सात वर्षं एवढी वाईट कशी असेल?"

जुरेमा आईच्या मांडीत डोकं खुपसून रडली. आईनं रडू दिलं, जांभळ्या बोटांनी तिच्या केसांवरून हात फिरवला, आणि मग विचारलं, "त्या पोराच्या बोटीत माणसं किती मावतात?"

"चोवीस."

"आपण तीस होतो. लहान पोरं आयांच्या झोळीत."

मिरवणुकीच्या आदल्या शुक्रवारी, पावसानंतर, कोंबूच्या होड्या ओळीनं धक्क्याला लागल्या. बोट ठरवल्याचा निरोप दोना ओतीलियानं तादेउला आधीच धाडला होता. म्हाताऱ्या, पोरंटोरं, टोपल्या, गुंडाळलेल्या झोळ्या, आणि दोना ओतीलियाच्या काखेत रविवारच्या जेवणासाठी एक जिवंत बदक. जुरेमा कचेरीच्या कपड्यांतच एकेकाला हात देऊन उतरवून घेत होती. आणि नेमक्या त्याच वेळी मार्लूसियाबाई चार परदेशी पाहुण्यांना घेऊन धक्क्यावर आल्या. त्या थबकल्या. बदकाकडे पाहिलं, मग जुरेमाकडे.

"हे लोक कोण गं?"

फ्लोर दो गुआमाच्या कठड्याशी तादेउ उभा होता. जुरेमाला तो दिसत होता, पण ती त्याच्यासाठी बोलली नाही. चेहरा पेटल्यासारखा तापला होता, तरी तिनं आईचा दंड धरला.

"माझी माणसं, बाई. ही माझी आई. आणि मी इथली नाही, कोंबूची."

मार्लूसियाबाईंना काय बोलावं सुचेना. दोना ओतीलियाला सुचलं. तिनं त्यांना रविवारी बदक खायला बोलावून टाकलं, आणि बाई चक्क 'बरं' म्हणून गेल्या.

बोटीवर अर्ध्या तासात झोळीला झोळी लागली. दोना ओतीलियानं कड्या ओढून पाहिल्या, दोन जरा उंच बसल्यात म्हणून तादेउला सुनावलं, आणि त्यानंही मुकाट्यानं हातोडी आणली. मग तो वही घेऊन फळीवर बसला आणि एकेकाचं नाव लिहू लागला. शेवटी जुरेमाच राहिली. ती समोर जाऊन उभी राहिली. त्यानं मान वर केली नाही.

"नाव?"

"तुला माहितीये."

"गाव?"

"कोंबू."

त्यानं लिहिलं. पेन जरा अडखळलं. "राग अजून गेलेला नाही माझा," तो म्हणाला.

"माहितीये. जाऊ नये इतक्यात. मी थांबेन." त्यानं नावाखाली रेघ ओढली. मग जे महिनाभर सांगायचं राहिलं होतं ते बाहेर आलं. "तादेउ, मला तू फार आवडतोस. माझ्या आयुष्यात ही एकच गोष्ट आहे जिची मला लाज वाटत नाही."

आता मात्र त्यानं वर पाहिलं. त्या पहिल्या दिवशी पाहिलं होतं तसंच... आणि पाहत राहिला.

"एकच नाही, दोन," तो म्हणाला, आणि झोळीत बदकाशी बोलत पडलेल्या तिच्या आईकडे मानेनं खूण केली. "मघाशी धक्क्यावर ऐकलं मी."

मग त्यानं वही मिटली, जुरेमाच्या काखेतली झोळी काढून घेतली, आणि तिच्यासाठी कड्या शोधायला निघाला. रिकाम्या कड्या एवढ्याच उरल्या होत्या, त्याच्या स्वतःच्या झोळीच्या शेजारच्या.