पदरचं वाक्य

"अक्षर पडलंय," तो धापा टाकत म्हणाला आणि एक ओलसर जर्सी माझ्यापुढे ठेवली. "एकच अक्षर. सामना सुरू व्हायला चाळीस मिनिटं आहेत."

मी मान वर केली आणि दोन गोष्टी एकदम लक्षात आल्या. जर्सी नऊ नंबरची होती, म्हणजे खरोखर त्याच्या अंगावरची. आणि ती आणणारा माणूस मी टीव्हीवर शंभरदा पाहिला होता. आमच्या फुटबॉल संघाचा नऊ नंबर परदेशातून आलेला. त्याची भाषा शहरात कुणालाच येत नव्हती. तो बोलला की शेजारी बसलेला हा बारीकसा दुभाष्या आम्हाला ते आमच्या भाषेत सांगायचा. अख्खं शहर त्याला पोपट म्हणायचं.

"तुम्ही ते... पोपट ना?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"हो. आज पंख भिजलेत," केसांतलं पाणी झटकत तो म्हणाला.

आमचं दुकान स्टेडियमच्या गेटसमोर. जर्सीवर नाव आणि नंबर छापून देणं हे आमचं काम. मी अक्षर जागेवर ठेवलं आणि गरम प्रेसचा दांडा खाली ओढला. पंधरा सेकंद तसंच धरायचं असतं. तेवढ्या वेळात तो एक शब्द बोलला नाही, नुसता माझ्या हातांकडे बघत राहिला... आणि आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या नखांची काळजी वाटली.

"तुम्ही बोलत का नाही?"

"समोरचं माणूस बोललं की मग मी बोलतो. सवय झालीय."

"मग मी काय बोलू?"

"काहीही बोला. मी तेच जरा बरं करून सांगेन."

त्यानंतर तो दर आठवड्याला यायला लागला. कधी कॉलर उसवली, कधी नंबरचा कोपरा सुटला. एकदा तर नुसतं एक बटण घेऊन आला. आमच्या संघाच्या जर्सीला बटण नसतं हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही, तरी आम्ही दोघांनी पाच मिनिटं त्या बटणावर गंभीरपणे चर्चा केली. पुढे केव्हातरी 'तुम्ही'चं 'तू' झालं. कधी ते कळलं नाही.

मी मुळात भित्री आहे. गॅस बंद केला का ते बघायला जिन्यावरून तीनदा परत येणारी. काही चांगलं घडलं की ते कोणत्या वाटेने निघून जाईल हे मी आधी शोधून ठेवते. याच्या बाबतीत शोधायचीही गरज नव्हती. नऊ नंबर इथे आहे तोवर पोपट इथे. ज्या दिवशी नऊ नंबर जाईल, त्या दिवशी दुभाष्याचं इथे काय काम?

त्यामुळे मी सामने निराळ्याच धास्तीने बघायचे. बाकीचे लोक नऊ नंबर गोल चुकवेल म्हणून घाबरायचे, मी तो गोल मारेल म्हणून. चांगल्या खेळाडूवर मोठ्या संघांचा डोळा असतो. त्याने गोल मारला की बाबा मला मिठी मारून उड्या मारायचे आणि मी मनात त्याच्या जाण्याचे दिवस मोजायचे.

बाबा म्हणजे निवृत्त बस ड्रायव्हर. पूर्वेच्या स्टँडात तेवीस वर्षं एकाच खुर्चीत बसलेले. नऊ नंबरला विकणार अशी कुजबुज सुरू झाली तेव्हा त्यांचं जेवण निम्मं झालं. मग क्लबने पत्रकार परिषद ठेवली. आम्ही तिघं टीव्हीसमोर बसलो. एका पत्रकाराने सरळ विचारलं, जाणार का? नऊ नंबरने खांदे उडवले आणि दोन-चार शब्द बोलला. पोपटाने पाण्याचा घोट घेतला. मग म्हणाला, "मी कुठेही जाणार नाही. माझी माणसं इथे आहेत."

बाबा चक्क रडले.

"माझ्यासाठी कधी आलं होतं का हो डोळ्यांत पाणी?" आई म्हणाली.

"तू कधी दुसऱ्या संघात जायला निघाली होतीस?" बाबा म्हणाले. मी आत जाऊन उशीत तोंड खुपसून हसले. किती महिन्यांनी मला हलकं वाटलं होतं.

तीन आठवड्यांनी, मंगळवारी सकाळी, नऊ नंबरला विकल्याची बातमी आली.

दुपारपर्यंत दुकानासमोर रांग लागली. सगळ्यांना एकच हवं होतं, पाठीवरचं नाव काढून द्या. मी गरम हवा मारायची आणि चिमट्याने एकेक अक्षर सोलायची. कुणी शिव्या देत होतं, कुणी गप्प. एक बाई म्हणाली, "गेला त्याचं वाईट नाही गं, पण तोंडावर खोटं का बोलायचं?" मी नुसती मान हलवत होते. दोनदा बोटं भाजली. सगळं शहर नऊ नंबरसाठी रडत होतं आणि मी मेली पोपटासाठी... हे सांगणार तरी कुणाला?

बुधवारी क्लबच्या गाडीवर कुणीतरी दगड मारला. आत नऊ नंबर नव्हता, पोपट होता. फोनवर ते चित्रण मी तीनदा मागे नेऊन बघितलं.

संध्याकाळी तो दुकानाच्या मागच्या दाराने आला. भुवईजवळ पट्टी होती.

"जास्त लागलं नाही," तो आधीच म्हणाला. "शुक्रवारचं विमान आहे. नव्या संघाने मलाही बोलावलंय."

मी चिमटा पुसत राहिले. स्वच्छ होता, तरी पुसत राहिले.

"एक सांगायचंय," तो म्हणाला. "त्या दिवशी तो... तसं म्हणालाच नव्हता."

"कोण?"

"नऊ नंबर. तो म्हणाला, 'बघू, ते लोक ठरवतील.' एवढंच. पुढचं मी पदरचं घातलं."

मला आधी कळेचना. कळलं तेव्हा खुर्ची ओढून बसले.

"का? वेड लागलं होतं का तुला?"

"पंधरा दिवस झोप नव्हती. तो गेला की मलाही जावं लागेल, हेच डोक्यात. तोंड उघडलं आणि... माझंच निघालं. आठ वर्षांत एक शब्द इकडचा तिकडे केला नव्हता गं."

"तुझंच म्हणजे काय?"

"'माझी माणसं' म्हणालो ते खोटं होतं. एकच माणूस आहे."

यावर काय करावं माणसाने? आनंदाने नाचावं की चिमटा फेकून मारावा? मला बाबा दिसत होते, भिंतीकडे तोंड करून बसलेले. त्याची भुवई दिसत होती. ते खोटं त्याचं आहे हे ठाऊक नसतानाच एक दगड आला होता. खरं कळलं तर?

"मी राहू?" त्याने विचारलं. "तू म्हणशील ते."

राहा म्हणायचं होतं. देवाशप्पथ म्हणायचं होतं. पण भीतीने माझी जीभच पकडली.

"जा तू," मी म्हणाले. "इथे लोक तुझी हाडं मोडतील. जा."

त्याने भुवईवरची पट्टी दाबून बसवली. मग मागच्या दाराने गेला आणि मी प्रेसचं बटण बंद केलंय का ते तीनदा पाहिलं.

शुक्रवारी दुकान बंद ठेवलं. चार वाजता नऊ नंबरची गाडी गेटमधून विमानतळाकडे निघणार होती आणि लोक अंड्यांचे ट्रे घेऊन तिथे जमत होते. बाबा घरीच बसले. मी घड्याळाकडे बघत होते आणि बघत नाही असं आईला दाखवत होते.

दोनला दार वाजलं. तो दारात उभा.

"काका, तुमच्याशी बोलायचंय," तो बाबांना म्हणाला. माझ्याकडे बघितलंही नाही. आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. नऊ नंबर काय म्हणाला होता, आपण काय जोडलं, कुणासाठी जोडलं. आईने पदर तोंडाला लावला. मी दाराची कडी घट्ट धरून ठेवली.

बाबा खुर्चीतून उठले.

"म्हणजे तो खोटं बोललाच नाही?"

"नाही."

"चार दिवस मी त्या पोराचा उद्धार करतोय," बाबा म्हणाले. "आणि तू मजेत विमानात बसणार होतास?"

"नव्या संघाला 'नाही' म्हणून कळवलंय. नऊ नंबरलाही सकाळी सगळं सांगून आलो. विमानात बसणार नाही मी."

"मला सांगून काय उपयोग? चार वाजता लोक त्याच्यावर अंडी फेकतील, दगडही फेकतील. गेटवर चल. सगळ्यांना सांग."

"बाबा, मारतील त्याला," मी म्हणाले.

"ठाऊक आहे," बाबांआधी तोच म्हणाला. "म्हणूनच आधी इथे आलो. गेटवर एकट्याने जायची हिंमत होत नव्हती."

आम्ही चालत निघालो. गेटवर चार-पाचशे माणसं असतील. पूर्वेच्या स्टँडचा ढोलवाला, म्हशीएवढा धिप्पाड, सगळ्यांत पुढे. पोपटाला बघून गलका झाला. बाबा ड्रायव्हरकीच्या आवाजात ओरडले, "आधी ऐका त्याचं." आणि लोक गप्प झाले, कारण तेवीस वर्षं एका खुर्चीत बसणाऱ्याला तिथे मान असतो.

त्याने सांगितलं. स्वच्छ, एकही शब्द न गाळता. गर्दी पुढे सरकली. कुणीतरी त्याची कॉलर धरली.

"का?" ढोलवाल्याने विचारलं. "आम्हाला फसवून तुला काय मिळालं?"

आणि इथे तो अडकला. ओठ हलले, शब्द फुटेना. माझं नाव त्या पाचशे माणसांत घ्यायचं नव्हतं त्याला. मला ते दिसलं. पुढे काय होणार तेही दिसलं, कॉलर धरलेला हात आवळत चालला होता.

"माझ्यासाठी," मी म्हणाले. आवाजच आला नाही. पुन्हा म्हणाले, मोठ्याने. "माझ्यासाठी बोलला तो. त्याला माझ्याजवळ राहायचं होतं. आणि मलाही तो हवा आहे. परवा मी त्याला जा म्हणाले ते भिऊन म्हणाले. आत्ताही भीती वाटतेय. पण तो गेलेला मला चालणार नाही."

कुणी हसलं नाही. ढोलवाला माझ्याकडे बघत राहिला, मग बाबांकडे. मग त्याने कॉलर धरलेला तो हात बाजूला केला.

"मग तो नऊ नंबर बिचारा..." तो म्हणाला आणि गेटकडे बघायला लागला.

तेवढ्यात गाडी आली. अंड्यांचे ट्रे हातांतच राहिले. कुणीतरी एकाने टाळी वाजवली, मग बाबांनी, मग सगळ्यांनीच. काच खाली झाली. नऊ नंबरने आम्हा सगळ्यांकडे पाहिलं, त्याचे डोळे लाल होते. मग त्याला गर्दीत पोपट दिसला. तो एक शब्द ओरडला आणि गाडी निघून गेली.

पाचशे माणसं पोपटाकडे वळली.

"काय म्हणाला?" बाबांनी विचारलं.

"म्हणाला... गाढव."

"तुझं काही घातलं नाहीस ना त्यात?"

"नाही काका. जसंच्या तसं."

लोक हसत होते, काही जण रडत होते. ढोलवाला दोन्ही करत होता. पोपटाने सगळ्यांदेखत माझा हात धरला. बाबांनी ते पाहिलं. त्याच्याकडे वळून म्हणाले, "घरी चल. सकाळपासून जेवला नसशील."