डाव्या पायाचं शेवटचं चाक

भुताच्या गोष्टींचं हे पेज मी रोज वाचते आणि अर्ध्या गोष्टींवर हसते. म्हणून आता स्वतः लिहायले मले लाज वाटून राहिली. पण जे झालं ते झालं. यात एक शब्दही मी पदरचा जोडला नाही.

पहिले हे ऐकून घ्या. मी भूतखेत मानणारी बाई नाही. माझ्या आजोबानं छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून आमच्या घरात अंगारा नाही, उतारा नाही, दाराले लिंबू-मिरची नाही. कोणी भुताचं बोललं की माझी आई म्हणे, "पहिले त्याचे पाय दाखव, मग बोल."

पाय तर मीही नाही पाहिले.

मी चाक पाहिलं.

जागा म्हणजे नागपुरात इंदोऱ्यातलं आमचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान. मागच्या मे महिन्यातला गुरुवार. आणि वेळ मध्यरात्रीची नाही, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. नागपूरच्या मेमध्ये त्या वेळी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही.

मी पुष्पलता. माझे मिस्टर प्रीतम वाइंडिंग करतात आणि बेअरिंगचं काम माझ्याकडे. मिक्सर, कूलर, पंप, वीस वर्षांपासून हेच. नुसत्या आवाजावरून सांगते मी, कोणतं बेअरिंग गेलं ते. या गोष्टीची मले जरा घमेंड आहे.

होती म्हणा.

माझी पोरगी नंदिनी पंधरा वर्षांची. चाकाच्या स्केटवर जी हॉकी खेळतात, त्याच्यात ती गोलकीपर आहे. रविवारी सकाळी राज्याच्या टीमची निवड होती आणि तिचे स्केट तिले लहान झाले होते. गोलकीपरचे स्केट वेगळे येतात, बूट टणक आणि चाकं बुटकी. ते सहजासहजी मिळत नाहीत.

तेवढ्यात सावनेरच्या कुसुमताईंनी निरोप पाठवला. "आमच्या रितिकाचे पडून हायेत. तुमच्या पोरीले होत असन तर घेऊन जा."

रितिका त्यांची पोरगी, नंदिनीच्याच क्लबची गोलकीपर होती. दोन वर्षांपूर्वी सरावात पडली आणि चार दिवसांनी दवाखान्यातच वारली. याच्यापेक्षा जास्त मले माहीत नव्हतं. मी विचारलंही नाही.

स्केट नंदिनीले बरोबर बसले. पण चाकं आतल्या बाजूनं पार घासली होती आणि बेअरिंगचं ग्रीस वाळून गोंद झालं होतं. आठ चाकं, सोळा बेअरिंग, सगळे नवे घ्यायचे ठरले. त्यावरून आमची माय-लेकीची जुंपली.

"आई, रेसवाले बेअरिंग घे ना. आमच्या टीमच्या गोपिकाचं चाक एकदा फिरवलं की थांबतच नाही."

"तुले गोलमध्ये उभं राहायचं आहे का वर्धा रोडनं पळायचं आहे? दोन फूट इकडे, दोन फूट तिकडे. रबर सीलवाले घेऊ. धूळ आत जात नाही."

"आणि चाकं? नरम घे, पकड येते."

"सिमेंटच्या ग्राउंडवर नरम चाक खोडरबरासारखं झिजते. आणि लई कडक घेतलं तर बाजूले ढकलताना पाय घसरन. मधलं घेऊ."

मधलं घेतलं. गुरुवारी सकाळी मी चाकं बसवायले घेतली.

प्रत्येक चाकात दोन बेअरिंग असतात. दोघांच्या मध्ये करंगळीच्या नखाएवढी एक पितळी नळी असते. एक चाक उघडायचं, नळी काढायची, नवीन चाकात टाकायची, दोन्हीकडून बेअरिंग दाबायचे. सात चाकं अशी झाली.

आठवं, म्हणजे डाव्या पायाचं शेवटचं. त्यात नळी नव्हती.

मी म्हटलं, मागच्या चाकाले लागत नसन. मोटरमध्ये कुठं असते अशी नळी? बेअरिंग बसवले, बोल्ट कसला, बोटानं चाक फिरवून पाहिलं. मस्त फिरलं. मले कोण शिकवणार बेअरिंगचं.

दुपारी प्रीतम जेवायले घरी गेले. मी शटर अर्धं ओढून बसली. दोन वाजता लाइट गेली आणि कूलर बंद पडला. कूलर बंद पडला की दुकान किती शांत असते, हे मले त्या दिवशी समजलं.

आणि मग...

सर्रर्रर्र...

चाक फिरून राहिलं होतं.

मी मान वर केली. स्केट फळीवर उलटे ठेवले होते. सात चाकं गप होती. डाव्या पायाचं शेवटचं एकटंच फिरत होतं.

हवा नव्हती. कॅलेंडरचं पान हलत नव्हतं.

सर्रर्रर्र... खट.

मध्येच अडकून थांबलं. घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. नवीन ग्रीस आहे, उन्हानं पातळ झालं असन, असं मी मलेच समजावलं.

शुक्रवारी पुन्हा. तीच वेळ, तोच आवाज, तेच खट. प्रीतमले सांगितलं तर ते म्हणाले, "ऊन लागलं काय वं तुले? दुपारी घरी येत जा."

शनिवारी मी मुद्दाम दुकानात थांबली. आणि स्केट पेटीत टाकून पेटीचं झाकण लावून ठेवलं. दोनपासून घड्याळाकडे पाहत होती. दोन दहा झाले.

काहीच नाही.

मी श्वास सोडला. आणि मागून आवाज आला...

टक.

शटरच्या डाव्या चौकटीवर. मी तिकडे वळली.

टक.

आता उजव्या.

वाकून बाहेर पाहिलं. दूरपर्यंत रस्ता रिकामा. नुसतं ऊन.

आत वळली तर पेटी उघडी होती आणि डावा स्केट माझ्या कामाच्या टेबलावर उलटा पडला होता. शेवटचं चाक माझ्याकडे करून.

सर्रर्रर्र... खट.

मले त्या वेळी भीती वाटली नाही. डोक्यात एकच आलं. हे खट कोणत्या बिघाडाचं आहे ते मी ओळखते. तीन दिवस ऐकून राहिली आणि ओळखलं नाही.

मी चाक हातात धरलं आणि बाजूनं जोर लावला, जसा गोलकीपर पाय बाजूले ढकलतो तसा.

चाक जाम.

नळी नसली की बोल्टचा ताण सरळ बेअरिंगवर येतो. बोटानं फिरवलं तर फिरते. अंगाचं वजन आडवं पडलं की अडकते. आणि उद्या सकाळी माझी पोरगी त्याच चाकावर उभी राहणार होती.

आठवी नळी गेली कुठं? मी कुसुमताईंले फोन केला आणि तशीच प्रीतमच्या गाडीवर मागे बसून सावनेरले निघाली.

कुसुमताईंनी पाणी दिलं. समोरच्या भिंतीवर रितिकाचा फोटो होता, हातात स्टिक, दोन वेण्या. मी सहज केल्यासारखं विचारलं, "ताई, पोरीले खेळताना काही सवय होती काय?"

"होती ना. बॉल यायच्या आधी मागे गोलच्या दोन्ही खांबाले स्टिक मारे. पहिले डावा, मग उजवा. मागे न पाहता जागा समजते म्हणे. घरातही दाराले तेच करे."

मी गिलास खाली ठेवला. प्रीतमनं माझ्याकडे पाहिलं.

मारोतराव, रितिकाचे वडील, तालुक्याच्या शाळेत लिपिक. मी त्यांले विचारलं, स्केटचा एखादा लहान भाग घरी राहिला काय? ते उठले, फोटोच्या मागून एक डबी काढली आणि उघडली.

पितळी नळी.

"हे हाय एक. ती गेल्यावर पंधरा दिवसांनी पलंगाखाली सापडलं. कशाचं हाय समजलं नाही. पण फेकायचं जिवावर आलं." थोडं थांबून म्हणाले, "ती पडली त्याच्या आदल्या रात्रीही मीच तिचे चाकं खोलून रॉकेलनं साफ केले, पण आतल्या लहान पुर्ज्यांवर कधी ध्यान दिलं नाही. तिले दुसऱ्या कोणाचं काम पटे नाही."

मी डबीकडे पाहत राहिली. त्या रात्री ही नळी त्यांच्या हातून सुटून पलंगाखाली गेली. दुसऱ्या दिवशी...

"क्लबचे सर म्हणाले तोल गेला," मारोतराव बोलत होते. "हेल्मेट घालायच्या आधी नुसती गोलकडे चालली होती. मागे पडली, खांब लागला डोक्याले. चौथ्या दिवशी दुपारी दोन दहाले गेली. पण माझ्या पोरीचा तोल कधी जात नव्हता, ताई. तुम्ही या कामातल्या हाय. तुम्ही चाकं खोलले. मले एक सांगा. चाकं बरोबर होते ना?"

कुसुमताई माझ्याकडे पाहत होत्या. भिंतीवरची पोरगीही पाहत होती.

"बरोबर होते, भाऊ," मी म्हटलं. "सगळे बरोबर होते."

ते खाली बसले आणि लहान पोरासारखे रडले. दोन वर्षांचं रडले.

निघताना मी डबी मागितली. "हे कशाचं हाय मग?" त्यांनी विचारलं.

"बुटाच्या बकलचं," मी म्हटलं. एका संध्याकाळी दोन वेळा खोटं.

त्याच रात्री मी ती नळी आठव्या चाकात बसवली. बाजूनं जोर लावला. चाक फिरत राहिलं.

रविवारी मी गोलच्या जाळीमागे बसली होती. नंदिनीनं एकही बॉल आत जाऊ दिला नाही. तिची निवड झाली. आणि प्रत्येक बॉलच्या आधी मी ऐकलं... टक. टक. डावा खांब, मग उजवा.

"बरं केलं तू खांबाले स्टिक मारत होती ते," मी तिले म्हटलं.

"कुठं वं आई? ते तर मी विसरतेच. सर त्याच्यासाठीच रागावतात मले."

याले आता वर्ष होत आलं. नंदिनी धडधाकट आहे, खेळून राहिली आहे. मी हे लिहून राहिली त्याचं कारण वेगळं आहे.

रोज सकाळी मी पंचशील म्हणते. चवथं शील येते, खोटं न बोलण्याचं, तिथं माझी जीभ अडखळते. त्या बापाले खरं सांगितलं असतं तर तो दुसऱ्या दिवशी जिवंत राहिला नसता, हे मले पक्कं माहीत आहे. पण मी त्या बापाच्या ठिकाणी असती आणि कोणी मले नंदिनीबद्दल असंच खोटं सांगितलं असतं, तर?

स्केट साफ करायले दुकानात असतात त्या दिवशी दुपारी दोन दहाले ते चाक अजून फिरते.

सर्रर्रर्र...

आता खट होत नाही. नुसतं फिरत राहते, मी वळून पाहीपर्यंत.

नळी तर मिळाली, पोरी. मग अजून काय पाहिजे तुले? मी तुझ्या बापाले सांगितलं नाही म्हणून तू खूश आहे, का सांग म्हणून माझ्या मागे लागली आहे?

परवा कुसुमताईंचा फोन आला होता. मारोतरावांले आता झोप लागते म्हणे.

मी फोन ठेवला. मागे चाक फिरतच होतं.